उत्तनच्या बंदरावर दोन रात्री

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर चेंदणीचं. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, खाडीला लागून. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या खाडीचं पाणी चढल्याचं त्यांना कळायचं म्हणे, बंदरातल्या होड्या एकमेकींवर आपटायला लागायच्या त्यावरून. गेल्या दिवाळीत त्या सहज म्हणाल्या, "एकदा समुद्राच्या अगदी काठाला झोपायचंय गं. हॉटेलात नको, तिथे एसीचाच आवाज."

आईंचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. जिने नकोत, खाली बसायचं नको, आणि रात्री दोनदा उठावं लागतं. त्यामुळे 'समुद्राकाठी झोपणं' वाटतं तेवढं सोपं नव्हतं. नवऱ्याने कॅम्परव्हॅनचं सुचवलं तेव्हा पहिला प्रश्न मी हाच विचारला, की आत कमोड आहे का? आहे म्हटल्यावर बाकी सगळं ठरलं. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळतात हे ऐकून माहीत होतं. आमची गाडी चौघांची होती. दोन बिछाने, छोटा ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि बाजूला उघडणारी ताडपत्रीची पडवी.

तारकर्ली, दिवेआगर, हरिहरेश्वर अशी सगळी नावं निघाली. पण आईंना तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही. नकाशा जवळ जवळ आणत शेवटी आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबलो. उत्तन. ठाण्यापासून जेमतेम तीस किलोमीटर. मी जन्माने ठाण्याची, आणि उत्तनला आयुष्यात एकदाच गेले होते, शाळेच्या सहलीला, दोन तास.

दिवस पहिला, शुक्रवार

सकाळी दहाला निघालो. गायमुखच्या घाटात नेहमीसारखं अडकलो, पण गाडीतच चहा झाला.

पहिला थांबा घोडबंदर किल्ला. आई गाडीतच बसल्या, आम्ही तिघे वर जाऊन आलो. रोज ज्या रस्त्याला 'जी. बी. रोड' म्हणून दोष देतो त्याचं नाव ज्या बंदरावरून पडलं ते हे. इथे घोड्यांचा व्यापार चालायचा. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, त्याच वर्षी मार्चमध्ये ठाणंही घेतलं होतं. वरून वसईची खाडी पूर्ण दिसते. आज आपण या पाण्याच्या कडेकडेने समुद्रापर्यंत जाणार, हे मी मुलाला तिथे उभं राहून दाखवलं, आणि पुढचा सगळा रस्ता तो खिडकीतून खाडी शोधत राहिला.

काशीमिरा, भाईंदर पश्चिम, आणि मग शहर संपतं ते एकदम. राई, मुर्धा, मोर्वा अशी गावं लागतात. मिठागरं दिसतात, पाण्याचे चौकोन आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग. डोंगरीचं चर्च मागे पडलं, रस्ता वळला आणि वास आला.

या वासाबद्दल लिहायलाच हवं, कारण उत्तनला जाणारे बरेच जण इथे काचा वर करतात. आईंनी खाली केली. "बोंबील," म्हणाल्या, "आणि जवळा पण आहे." त्या डोळे मिटून बसून राहिल्या. आमच्या सीकेपी घरात सोडे (सोललेली सुकी कोळंबी), सुकट, बोंबील हे वाण्याच्या यादीइतकं नेहमीचं. पण आमच्याकडे तो वास डब्याचं झाकण उघडल्यावर येतो. इथे आख्ख्या गावावर, कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तो पसरलेला असतो.

गावात शिरताना मात्र चूक झाली. मुख्य रस्ता सोडून एका गल्लीत वळलो आणि छतावरचा एसीचा उंचवटा केबलच्या जुडग्यात अडकला. पुढे जाता येईना, मागे दुचाक्यांची रांग. चार पोरं कुठूनशी आली. एकाने बांबू आणून केबली वर उचलून धरल्या, दुसरा मागे जाऊन "येऊ द्या, येऊ द्या, बस" करत राहिला. दहा मिनिटांत सुटलो. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, की अशा गाडीची उंची नऊ-दहा फूट भरते आणि कोळीवाड्यांच्या गल्ल्या हातगाडीच्या मापाने झालेल्या आहेत. गाडी मोठ्या रस्त्यालाच ठेवायची, आधी पायी आत जायचं, वर बघत बघत.

त्याच पोरांपैकी एकाने आमची राहायची सोय केली. "आमच्या आजोबांच्या आवारात लावा की." समुद्राच्या अंगाला असलेलं जुनं घर, पुढे मोकळं आवार, त्यात एक उंबर, दुरुस्तीला काढलेलं जाळं आणि वीज घ्यायला प्लग. आजोबा म्हणजे तांडेलकाका. पस्तीस वर्षं बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, आता मुलगा जातो. आधी त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चाकं पाहिली, मग आत डोकावून म्हणाले, "आमच्या बोटीच्या केबिनीपेक्षा बरीय." पैसे घ्यायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात ठेवले तेव्हा विजेचे म्हणून घेतले.

दुपारी चारला बंदरावर गेलो तर समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब. मधे काळा चिखल, आणि त्यात एका कुशीवर कललेल्या बोटी. मुलाचा चेहरा पडला. तांडेलकाका म्हणाले, "आज तिथ कुठची?"

"त्रयोदशी," आई म्हणाल्या.

"मग तेराची पाऊणकी करा."

आई थबकल्या आणि मग शाळेतल्यासारखं एका दमात म्हणाल्या, "तेरा पाऊण पावणेदहा."

"पावणेदहाला भरती. सकाळची पण, रातची पण. त्याच्याआधी सहा तासांवर सुकती."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेली माझ्या ओळखीची शेवटची पिढी म्हणजे आई, पण त्यातली पाऊणकी कुणी समुद्रासाठी वापरत असेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. मुलाने लगेच फोनवर भरतीचं वेळापत्रक उघडलं. अर्ध्या तासाचा फरक निघाला. काका म्हणाले, "तेवढा तर जाळ्याला पण कळत नाही." पुढचे दोन दिवस आई आणि काका एकमेकांना भेटले की आधी पाऊणकी म्हणायचे.

रात्री गाडीत साधं जेवण केलं. पडवी उघडून खुर्च्या टाकल्या. चांदणं इतकं होतं की बाहेरचा दिवा लावलाच नाही. नऊ वाजता आवाराच्या भिंतीपलीकडे पाणी वाजायला लागलं. मोठ्या लाटा नाहीत, भिंतीच्या दगडांत पाणी शिरतं आणि निघतं तो आवाज. साडेदहाला मी दिवे मालवले तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून जाग्याच होत्या. "झोप येत नाही का?" विचारलं. म्हणाल्या, "झोपायचं कशाला एवढ्यात."

दिवस दुसरा, शनिवार

पहाटे पाचला इंजिनांच्या टुकटुकीने जाग आली. बाहेर गार वारा होता. मावशी आवारात केस विंचरत बसल्या होत्या. "चहा घेशील ना गो? बोटी सातशिवाय लागायच्या नाहीत. पाणी चढूदे."

उत्तनची मासेमारी मुख्यतः डोलीची. यात माशामागे धावत नाहीत. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबच लांब जाळं, तोंड रुंद, शेपूट निमुळतं. समुद्रात ठोकलेल्या खुंटांना त्याचं तोंड प्रवाहासमोर बांधायचं. पाणी वाहतं, मासळी आपोआप आत येते, आणि पाणी थांबलं की, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळात, जाळं वर घ्यायचं. म्हणून सगळा कारभार चंद्राकडे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, प्रवाहाला जोर, तेव्हा घरात कुणी स्वस्थ नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, तेव्हा जाळी शिवायची, लग्नाची बोलणी करायची. आम्ही नेमके उधाणात गेलो होतो, म्हणून आख्खं गाव कामात दिसलं. तुम्हाला जायचं असेल तर कॅलेंडरात शनिवार-रविवारबरोबर तिथीही बघा. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या काळात गेलात तर बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील.

सात वाजता आई, मी आणि मुलगा बंदरावर होतो. आईंसाठी गाडीतली घडीची खुर्ची नेली, ती भिंतीच्या सावलीत टाकून दिली. पहिली बोट लागली आणि किनाऱ्यावरच्या बायका उठल्या. बोटीवर पुरुष, पण मासळी एकदा जमिनीला लागली की सत्ता बायकांची. मोजणं, निवडणं, वाटे करणं, भाव सांगणं, उधारी लक्षात ठेवणं सगळं त्यांचं. प्लास्टिकच्या टोपल्यांमधून बोंबील ओतले तेव्हा ते मासे वाटतच नव्हते, थरथरणारी गुलाबी-पांढरी पेज वाटत होती. त्यात मांदेली, करंदी, वाकटी, मुठीएवढे खेकडे. आणि पिशव्या. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल. एक मुलगी बोलता बोलता प्लास्टिक वेगळं काढून मागे टाकत होती, बघतही नव्हती तिकडे. तो मागचा ढीग टोपलीभर झाला. मुंबई-ठाण्याच्या नाल्यातून जे वाहून जातं ते कुठे जातं, ते तिथे माझ्यासमोर होतं. मला तिच्याकडे बघायचं अवघड झालं.

पापलेटं दोनच होती, लहान. तांडेलकाकांच्या मुलाने ती उचलून दाखवली. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवलं, हे माझ्या मुलाने शाळेत वाचलेलं होतं. ते ऐकून काकांचा मुलगा म्हणाला, "मान दिलाय तर वाढू पण द्यायला पाहिजे. एवढीएवढी धरली तर मोठी कुठून यायची?" आणि हे तो स्वतःच्या गावाबद्दलही म्हणत होता, लपवून ठेवत नव्हता.

मग आईंचं काम सुरू झालं. त्यांना सोडे हवे होते. चार बायकांकडे विचारलं, प्रत्येकीच्या डब्यातला एक सोडा उचलून नाकाशी नेला, मोडून पाहिला. एकीला सांगितलं, "हे गेल्या वर्षीचे." ती बाई क्षणभर बघत राहिली, मग आतून दुसरा डबा घेऊन आली. "हे घे बाय. हे घरात ठेवले होते." सोडा वाकवला की तुटला पाहिजे, चिवट लागला तर दमट आहे. रंग फार लाल असला तर शंका घ्यायची, आणि वास समुद्राचा हवा, कुबट नको. आईंनी अर्धा किलो घेतले. भावावर मात्र घासाघीस केली नाही. "ज्या डब्यातला माल घरच्यांसाठी ठेवतात तो दिला तिने," एवढंच म्हणाल्या.

दहा वाजता मावशींनी आम्हाला वलांडीवर नेलं.

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचे मांडव. जाडजूड बांबू उभे रोवलेले, त्यांना आडवे दोर, एकावर एक चार-पाच ओळी, आणि असे मांडव समुद्राच्या वाऱ्याला आडवे, ओळीने. लांबून पाहिलं तर झालरी लावल्यासारखं दिसतं. जवळ गेल्यावर प्रत्येक झालर म्हणजे माशांच्या जोड्या.

जोडीच का, हे मला कधी सुचलंच नव्हतं. वर्षानुवर्षं सुके बोंबील घरी आणले, तव्यावर भाजले, ठेचले. मावशींनी दोन बोंबील हातात घेतले. दोन्हींचे जबडे उघडले. बोंबलाचा जबडा त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठा, आणि आत सुईच्या टोकासारखे बारीक, आत वळलेले दात. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या तोंडात सरकवला, किंचित पिळला, आणि सोडलं. दात दातांत अडकले. ती जोडी दोरावर टाकली, एक या बाजूला, एक त्या बाजूला. झालं. ना सुतळी, ना खिळा, ना चिमटा. माशाचेच दात माशाला धरून ठेवतात, आणि दोघांचं वजन सारखं म्हणून दोरावरून घसरत नाहीत.

"मीठ?" मी विचारलं.

"बोंबलाला मीठ कशाला? दर्यातनं आलाय. ऊन आणि वारा बस."

ओल्या बोंबलात पाणीच फार. चांगल्या उन्हात, उत्तरेचा कोरडा वारा असेल तर दोन-तीन दिवसांत तो हाताला कडक लागतो. पण मधेच ढग आले, अवकाळी सर आली की गेला. पाखडायचा नाही, उन्हात परत टाकायचा नाही, सरळ खताला. "माझ्या मुलीच्या लग्नाच्या साली तीन दिवसांचा माल गेला," मावशी म्हणाल्या, आणि बोलताना त्यांचे हात थांबले नव्हते. बोलून होईपर्यंत हातभर दोर भरलाही.

मी बसले. पहिल्या जोडीला दात माझ्याच बोटात रुतले. तिसरी जमली. माझ्या मुलाने आणि मावशींच्या नातीने शर्यत लावली. तासाभरात त्याच्या चाळीस जोड्या झाल्या, तिच्या मी मोजायच्या सोडून दिल्या. तेरा वर्षांची मुलगी, शनिवारची शाळा नाही म्हणून आलेली. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि जोड्या लावताना ती माझ्या मुलाला जबड्याच्या हाडांची नावं विचारत होती.

दुपारचं जेवण मावशींकडे. ओले बोंबील साफ करून पाटीत पसरले, वर दुसरी पाटी ठेवून तिच्यावर पाटा. अर्ध्या तासात वाटीभर पाणी निघालं. ही पायरी गाळली की बोंबील तव्यावर विरघळतो, हे आईंनी माझ्याकडे बघून सांगितलं आणि मावशींनी मान डोलावली. मग हळद, तिखट, तांदळाचं पीठ लावून तळलेले. वरून करकरीत, आत लोण्यासारखे. सोबत कालवण, तांदळाची भाकरी. कालवणातला मसाला वेगळा लागला. मावशींनी फडताळातून तपकिरी बाटली काढून दाखवली. हा बाटली मसाला, ईस्ट इंडियन घरांचा. पावसाळ्याआधी उन्हात मसाले वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या काळसर बाटल्यांत ठासून भरायचे. काच गडद, म्हणून उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग-वास टिकतो. आईंनी बाटली हुंगून ओळखीचे मसाले सांगायला सुरुवात केली. आठ-नऊ ओळखले. मावशींनी बाकीचे सांगितले नाहीत. "ते सुनेला पण गेल्या साली सांगितले," म्हणाल्या.

ईस्ट इंडियन हे नाव ऐकून मुलगा गोंधळला. आपण तर पश्चिम किनाऱ्यावर! वसई-साष्टीच्या या भागातले मूळचे कोळी, आगरी, शेतकरी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना मिळाली, तेव्हापासूनची ही गोष्ट. पुढे इंग्रजांच्या मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक यायला लागले, तेव्हा आपण इथलेच हे वेगळं दिसावं म्हणून १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. नाव कंपनीचं, बोली मात्र मराठी, कोळी वळणाची. मावशींच्या घरात भिंतीवर मेरी माता, खाली शिवणाचं मशीन, आणि दारावर तोरण.

संध्याकाळी वेलंकनी मातेच्या मंदिराकडे गेलो. समुद्राला अगदी खेटून आहे. शनिवार म्हणून गर्दी होती, भाईंदर-मीरा रोडहून आलेली कुटुंबं, भेळवाले, फुगेवाले. आई पायऱ्यांशी बसल्या. एक अनोळखी मुलगी त्यांच्या हातात मेणबत्ती देऊन गेली. आईंनी ती लावली, आणि सवयीने हात जोडून कपाळाला लावले.

गाडीबद्दल दोन गोष्टी इथेच सांगते, कारण दुसऱ्या दिवशी त्या जाणवतात. आमची टाकी निघताना भरून मिळायला हवी होती, ती अर्धीच निघाली. शनिवारी दुपारी नळ कोरडा. गाडी ताब्यात घेताना काटा बघा, तोंडी शब्दावर जाऊ नका. कोळीवाड्यात पाणी मोजून येतं, तिथे टाकी भरून मागणं बरं नाही. आम्ही बाहेरून बाटले आणले. आणि संडासाची पेटी, सांडपाणी हे परत आल्यावर योग्य ठिकाणीच रिकामं करायचं. रस्त्यालगत किंवा खाडीत सोडलेलं मी दुसऱ्या एका गाडीवाल्याला पाहिलं, आणि सकाळी प्लास्टिक निवडणारी ती मुलगी डोळ्यासमोर आली. तळणं गाडीबाहेरच करा, नाहीतर गाद्यांना वास धरतो.

दिवस तिसरा, रविवार

पहाटे सहाला चौकच्या टेकडीवर गेलो. इथे धारावीचा किल्ला होता. आपल्याला धारावी म्हटलं की मुंबईतली वस्ती आठवते, पण साष्टीच्या या वायव्य टोकालाही धारावीच म्हणत. वसईच्या खाडीचं तोंड इथून डोळ्यासमोर. उत्तरेला पाण्यापलीकडे वसई, पश्चिमेला उघडा समुद्र. वसईला समुद्रातून येणारी मदत रोखायची तर ही टेकडी हातात हवी, हे तिथे उभं राहिल्यावर नकाशाशिवाय कळतं. मराठ्यांनी ती घेतली १७३९ मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. आता बांधकाम थोडंच उरलंय. चिमाजीअप्पांचा पुतळा आहे.

माघी पौर्णिमा होती. पश्चिमेला समुद्रावर पूर्ण चंद्र उतरत होता, पिवळट, मोठा, आणि पाठीमागे डोंगरीच्या बाजूने उजाडत होतं. दोन्ही एकाच वेळी. खाली बोटींचे दिवे एकेक विझत गेले. मुलगा एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होता. मग चर्चची घंटा झाली.

परतलो तर मावशी प्रार्थनेला निघालेल्या. काल चिखलात घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या बाई आज काठाचं लुगडं, अंबाड्यात अबोली, गळ्यात सोन्याचे मणी. आई दारातूनच म्हणाल्या, "मी येऊ?" आणि गेल्या. मराठीत प्रार्थना, मराठीत गाणी. आल्या तेव्हा म्हणाल्या, "शब्द सगळे कळले. चाल तेवढी नवीन."

निघताना मावशींनी केळीच्या पानात बांधून फुगे दिले, मैदा-अंडं-नारळाच्या दुधाचे तळलेले गोळे, लग्नाकार्यात करतात ते. शिवाय बोंबलांची जुडी. आईंनी आदल्या दिवशी घेतलेल्या सोड्यांतले मूठभर गाडीतच शिजवले होते, सोड्याची खिचडी, मोठं पातेलं. ते मावशींच्या ओट्यावर गेलं. सोडे यांच्या गावचे, खिचडी आमच्या घरची. तांडेलकाकांनी दोनदा घेतली. "आमी हे कालवणात घालतो. भातात कुणी घालतं?" म्हणत होते, पण ताट पुढे.

घरी जाण्याआधी गाडी धुऊन घ्या, विशेषतः खालून. दोन रात्रींच्या खाऱ्या वाऱ्याने काचांवर चक्क पांढरी पूड बसली होती. सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून मग डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. आणि परतीला दुपारी तीनच्या आत भाईंदर सोडा, रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडची काय अवस्था असते ते ठाणेकरांना सांगायला नको.

साडेचारला माजिवडा आलं. गाडी सातला परत द्यायची होती. आई मागून म्हणाल्या, "अजून वेळ आहे ना? मला चेंदणीला ने."

कोपरीच्या पुलावरून पूर्वेला उतरलो. कोळीवाड्यात गाडी जाणार नव्हतीच, मीठबंदर रोडने जेवढं जाता आलं तेवढं गेलो आणि पुढे आईंना हात धरून नेलं. पंचवीस वर्षांनी आल्या होत्या. ज्या ठिकाणी होड्या लागायच्या म्हणत होत्या तिथे आता गाळ आणि तिवरं. ओहोटी होती. पाऊणकी मी मनातच केली, पंधरा पाऊण सवाअकरा, म्हणजे सव्वापाचला सुकती. खाडीत आत असल्याने इथे थोडी उशिरा.

गाळात काहीतरी उडालं. मग आणखी एक.

"निवट्या," आई म्हणाल्या. बोटाएवढा मासा, चिखलावर कल्ल्यांजवळच्या परांवर रेलून बसलेला, डोळे डोक्यावर. "आम्ही यांना पकडायला जायचो आणि आई ओरडायची." त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गुडघे दुखत असणार, पण बसायला तयार नव्हत्या.

साडेसहाला कळव्याच्या बाजूने चंद्र वर आला. सकाळी चौकच्या टेकडीवरून पाण्यात उतरताना पाहिलेला, तोच. शेजारच्या घरातल्या एका बाईंनी दार उघडून पाहिलं, कोण उभं आहे म्हणून. आईंनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. त्या बाई उंबऱ्यावरून खाली आल्या, आणि आईंनी पिशवीतून बोंबलांच्या चार जोड्या काढून त्यांच्या हातात दिल्या.